भर पाण्यात डावीकडे

साऱ्या जगातले नावाडी वाऱ्याला भितात, भोवऱ्याला भितात, वरच्या साहेबाला भितात. आमच्या आबांना एकच भीती होती, रस्ता चुकण्याची. आणि ही भीती कुठे, तर भर धरणात, जिथे तुंग-तिकोन्यापासून लोहगडाच्या पायथ्यापर्यंत नुसतं सपाट पाणी पसरलेलं आणि पलीकडचा काठ नाकासमोर दिसतोय. तिथे मधोमध आलं की आबा एक वल्हं दाबून धरायचे, दुसरं रेटून ओढायचे आणि नाव चक्क डावीकडे वळवायचे. शंभर-दीडशे हात डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा सरळ. नवखा माणूस घाबरून पाण्यात खडक शोधायचा, मगर शोधायचा. मगर आमच्या धरणात नाही. एक होती, पण आबांच्या वळणांना कंटाळून ती उजनीला गेली, असं वाडीत सांगतात.

"आबा, सरळ का नाही जात?" मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

आबांनी माझ्याकडे पहिलीतल्या पोराकडे बघावं तसं बघितलं. "मास्तर, रस्ता वळतोय न्हवं हितं."

या पाण्याखाली आबांचं गाव होतं. गावातून पलीकडच्या वाडीला गाडीरस्ता जायचा आणि त्या रस्त्यावर आबांच्या वडलांची बैलगाडी चालायची. आबांना मिसरूड फुटत होतं तेव्हा धरण भरलं. गाव वर माळावर गेलं, बैल बाजारात गेले, गाडी मोडीत गेली. आबांनी नाव घेतली आणि रस्ता तोच ठेवला. 'वाहन बदललं म्हनून रस्ता बदलतो व्हय?' हा त्यांचा सवाल होता आणि तो अजून कुणी सोडवलेला नाही. आख्ख्या खोऱ्यात त्यांना 'आबा वळणे' म्हणायचे. त्यांचं खरं आडनाव मतदार यादीत शोधायला मला तीन निवडणुका लागल्या, आणि ती यादी करणारा मीच होतो.

मी त्या वाडीच्या शाळेवरचा मास्तर. राहायला भाज्याला. रोज सकाळी फटफटीवर दुधिवऱ्याची खिंड ओलांडायची, धरणाच्या काठी फटफटी लावायची, आबांच्या नावेत बसायचं आणि पलीकडे अठरा घरांच्या वाडीला ज्ञान द्यायचं. मला पोहता येत नाही. चौदा वर्षं मी पोहता न येता पाण्यावरून नोकरी केली आणि रोज दोनदा त्या वळणावर वळलो. माझी मान अजून किंचित डावीकडे कललेली आहे. सेवापुस्तकातले पहिल्या आणि शेवटच्या वर्षाचे फोटो शेजारी ठेवून बघा.

वळणाच्या तोंडाशी थांबा होता. आबा वल्ही उचलून धरायचे आणि खणखणीत आवाजात विचारायचे, "चिंच आली. कोन हाय का चिंचंचं?" खाली पन्नास फूट पाणी. थोडा वेळ वाट बघायचे, मग पुढे निघायचे. एकदा पुण्याच्या एका पाहुण्याने चेष्टेत हात वर केला. "मला उतरायचंय." आबांनी नाव थांबवली. एक मिनिट गेलं, दोन गेली, तीन गेली. पाहुणा हसायचा थांबला.

"उतरा की," आबा म्हणाले.

"अहो, गंमत केली."

"मग तसं बोलायचं. मागं लोक खोळंबल्यात." मागे एक पाणकोंबडी होती.

आबांचा दुसरा नियम माणसांचा. नावेत नऊच माणसं. फळीवर जागा दहा जणांची होती, पण दहावी जागा भैरोबाची. देऊळ पाण्यात गेलं, देव बिनघराचा झाला, त्याला कुठं जायचं-यायचं असलं तर जागा नको का? या जागेवर सरपंचाला बसू दिलं नाही. तपासणीला आलेल्या शिक्षणाधिकाऱ्यांना बसू दिलं नाही. ते काठावर दोन तास पुढच्या फेरीची वाट बघत बसले आणि त्यांनी माझ्या शेरेबुकात 'शाळा दुर्गम भागात असून उपस्थिती समाधानकारक' असं काठावरूनच लिहिलं. आबांची नाव कधी बुडाली नाही त्याचं कारण ती रिकामी जागा. पण तसं आबा कधी म्हणाले नाहीत. ते म्हणायचे, 'भैरोबाला अंग चोरून बसायची सवय न्हाई.'

धोका हा शब्दच आबांना नापसंत होता. हल्ली धरणाच्या काठाला तंबूंचं पीक आलंय. शनिवारी दुपारपासून गाड्यांची रांग लागते, काठावर कोंबड्या भाजल्या जातात आणि ज्यांना बादलीत तोंड बुडवायची भीती ती मंडळी छातीपर्यंत पाण्यात उभी राहून गाणी म्हणतात. एका खोल डोहाशी पाटी लावली, 'धोका. पाण्यात उतरू नये.' दुसऱ्या शनिवारी त्या पाटीला मिठी मारून फोटो काढायला रांग. रांगेतला धक्का लागून पाटीच पाण्यात पडली आणि ती काढायला चौघे पाण्यात उतरले.

आबा लांबून बघत विडी ओढत होते. "मास्तर, मानसाला धोका हाय म्हटलं की त्यो बगाया जातो," ते म्हणाले. "रस्ता हाय म्हटलं की गप मागनं येतो."

मला तेव्हा ते वाक्य नुसतंच बरं वाटलं. मी ते फळ्यावर सुविचार म्हणून लिहिलं.

अशा या शांत, वळणदार आयुष्यात एका मार्च महिन्यात विमानं आली.

पर्यटन वाढावं म्हणून धरणाच्या काठावर हवाई कसरतींचा कार्यक्रम ठरला. पर्यटन कमी होतं असं आमच्याकडे कुणालाच वाटत नव्हतं, पण ठरला. विमानं खाली येणार, पाण्यावरून सूर मारणार, शेपटीतून रंगीत धूर सोडणार. आता वरून विमान चाललंय म्हटल्यावर खाली होड्या नकोत, हे कुणालाही पटेल. आबांनाही पटलं. "बराबर हाय. चाक निखळून डोस्क्यात पडलं म्हंजी?" असं म्हणून त्यांनी बंदीला सगळ्यांच्या आधी पाठिंबा दिला.

पण बंदी घालायची तर आदेश हवा, आणि आदेश काढायचा तर संगणकातला अर्ज भरायला हवा. त्या अर्जात 'गट क्रमांक' नावाचा एक रकाना होता. तो भरल्याशिवाय यंत्र पुढे सरकेना. पाण्याला गट क्रमांक नसतो. तलाठी भाऊसाहेब दोन दिवस त्या रकान्यापुढे ध्यान लावून बसले, मग उठले, कपाटातून बुडालेल्या गावाचं दप्तर काढलं आणि झाडून सगळ्या बुडालेल्या शेतांचे क्रमांक रकान्यात भरले. 'वरील गटांच्या हद्दीत कोणतीही होडी, नाव, तराफा वा तत्सम वाहन नेण्यास मनाई.' सही झाली, शिक्का बसला, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं की हे गट पाण्यात नेमके कुठं आहेत, हे सांगणारा मावळात एकच माणूस उरलाय.

या कामावर जे साहेब नेमले होते त्यांच्या गळ्यात चोवीस तास शिट्टी असायची. आम्ही त्यांना शिट्टीसाहेब म्हणायचो. त्यांच्या हाताखाली 'जलवाहतूक नियंत्रण अधिकारी' म्हणून एक मास्तर हवा होता. मास्तरच का, असं विचारू नका. जनगणना असो, मतदान असो, गावातली कुत्री मोजायची असोत, सरकारला आधी मास्तर आठवतो. मला एक केशरी जाकीट, एक लाल झेंडा आणि एक हिरवा झेंडा मिळाला. पोहता येत नाही असं मी लेखी कळवलं. उत्तर आलं, 'आपण पोहायचे नसून नियंत्रण करायचे आहे.'

कार्यक्रम रविवारी होता. गुरुवारी आम्ही हद्द आखायला निघालो. इंजिनाच्या बोटीत शिट्टीसाहेब, भाऊसाहेब, मी, पिवळी रिकामी पिंपं आणि पुढे तोंड करून आबा. आबा बोट दाखवतील तिथे दगड बांधलेलं पिंप सोडायचं.

"ह्यो सोपानाचा गट. हरभरा लय झ्याक यायचा. सोडा हितं. आं, आं, साहेब, बांधावर सोडा, शेतात नगं. पलीकडलं रान त्याच्या चुलत्याचं. बांधावरनं त्यांचं अजून बोलनं न्हाई."

"अहो, पण सगळं पाण्यात आहे ना?"

"रान पान्यात हाय. भाऊबंदकी वरच हाय."

पिंप दोन हात सरकवलं. अशी सतरा शेतं झाली. मग मधोमध आल्यावर आबांनी दाखवायचं बोट खाली घेतलं.

"पुढे?" शिट्टीसाहेबांनी विचारलं.

"हितं काय सोडायचं न्हाई. ह्यो रस्ता हाय."

शिट्टीसाहेबांनी चौफेर पाण्याकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी झेंड्यांकडे बघितलं.

"आबा, बंदी सगळ्या पाण्यावर आहे."

"न्हाई साहेब. भाऊसाहेबांनी वाचून दावलं मला. बंदी गटावर हाय. रस्त्याला गट नंबर नसतो. व्हय का न्हाई, भाऊसाहेब?"

भाऊसाहेबांचा चेहरा पिंपापेक्षा पिवळा झाला. कारण ते खरं होतं. गावनकाशात शेतांना क्रमांक असतात, रस्ता नुसत्या दोन तुटक रेघांचा. आदेशाने सगळी शेतं बंद केली होती आणि सोळा फूट रुंदीचा एक रस्ता, पाण्याखालचा, सताड उघडा ठेवला होता. आदेश बदलायचा तर पुन्हा वरची सही, आणि वरचे साहेब स्वागताच्या कमानीचा रंग ठरवण्यात गुंतलेले. शिट्टीसाहेबांनी बराच वेळ शिट्टी चावली.

"ठीक आहे. रस्त्यापुरती मुभा. पण नाव रस्त्याच्या एक हातसुद्धा बाहेर गेली तर जप्त."

"उभ्या जल्मात गेली न्हाई," आबा म्हणाले, आणि ते खरं होतं.

मग रस्ता नकाशावर बघायला घेतला. नकाशा कापडी, जुना, आणि चिंचेपाशी नेमकी घडी. घडीला कसर लागून तिथे तळहाताएवढं भोक पडलेलं. भोकाच्या अलीकडे रस्ता होता, पलीकडेही होता. मधलं आबांच्या तोंडी होतं.

"हितं डावीकडं वळतो," आबांनी शपथेवर सांगितलं. भाऊसाहेबांनी पंचनाम्यात लिहिलं, मी सही केली, आणि भर पाण्यात पिंपांच्या दोन रांगांनी एक वळण काढलं गेलं.

आता बंदीची अंमलबजावणी म्हणजे काय, ते सांगतो. पाण्यावर एकही होडी नको, म्हणून होड्या हटवायला चार होड्या आल्या. त्या चौघींवर लक्ष ठेवायला दोन आल्या. तंबूवाल्यांच्या होड्यांना 'अत्यावश्यक सेवा' असे पास मिळाले, कारण पाहुण्यांना चहा पोचवायचा होता. एका पुढाऱ्याच्या होडीला 'निरीक्षण' असा पास, त्याच्या सासुरवाडीच्या होडीला 'सहनिरीक्षण' असा. शुक्रवारी संध्याकाळी धरणात इतक्या होड्या झाल्या की एका काठावरून दुसऱ्या काठावर कोरड्या पायाने जाता आलं असतं. एवढ्या सगळ्यांत बिनपासाची होडी एकच, आबांची. त्यांनी पास मागितलाच नाही. "रस्त्यानं जायाला पास लागतो व्हय?"

आणि त्याच शुक्रवारी रात्री मला फोन आला. प्रमुख पाहुण्यांना रविवारी जमत नव्हतं. कार्यक्रम उद्याच. आदेश तोच, तारीख खोडून नवी घातलेली.

मी परीक्षेचं वेळापत्रक काढून बघितलं. उद्या शनिवार होता, आणि शनिवारी अंकिताचा बीजगणिताचा पेपर होता.

अंकिता माझ्या शाळेतून चौथी झालेली वाडीची पोर. पुढे ती रोज आबांच्या नावेनं काठावरच्या हायस्कुलात जायची. वाडीतून दहावीपर्यंत पोचलेली ती पहिली मुलगी. बाप वराळ्याच्या बाजूला कंपनीत कामाला, आठवड्याने घरी येणारा. घरात सत्ता मामाची, आणि मामा खिशात स्थळ घेऊन फिरत होता. 'पास झाली तर शिकू दे, एक विषय जरी गेला तर मांडव,' असं त्याने चार माणसांत सांगून ठेवलं होतं. केंद्र अलीकडच्या काठावर. काठाकाठानं रस्ता तीसेक किलोमीटरचा, आणि तो उद्या गाड्या लावायला राखलेला. वाडीत फोनला रेंज यायची ती टेकडीवर चढल्यावर, आणि अंधारात टेकडीवर चढून माझा फोन कोण घेणार?

सकाळी मी शिट्टीसाहेबांना हे सगळं सांगितलं.

"गुरुजी, ती मुभा रविवारची होती," ते म्हणाले.

"आदेश तोच आहे साहेब. रस्त्याला आजही गट क्रमांक नाही."

"तुम्ही मास्तर आहात की वकील? नाव दिसली की लाल झेंडा दाखवायचा, बास." आणि त्यांनी मला सुरक्षा बोटीत बसवलं. बोटीत चालक, शिट्टीसाहेब, मुंबईहून आलेले त्यांचे कॅमेरेवाले मेहुणे, पुढाऱ्याचा एक कार्यकर्ता आणि मी. काठावर हजारो माणसं. ध्वनिक्षेपकावर निवेदक गेला तासभर 'थोड्याच वेळात' म्हणत होता.

सव्वादहाला पलीकडून नाव निघालेली दिसली. आबा वल्हं मारत होते. नऊ माणसं, दहावी जागा रिकामी. तिच्याशेजारी अंकिता, मांडीवर कंपासपेटी धरून.

"शिस्त म्हणजे काय, आज दाखवतो," शिट्टीसाहेब म्हणाले. "घे रे, सरळ त्याच्या अंगावर."

"साहेब, पिंपांच्या मधनं घ्या. रस्ता वळतो तिथं," मी म्हणालो.

"गुरुजी, पाण्यावर कसलं वळण?"

बोटीने वळण सोडलं आणि सरळ उडी घेतली. मी डोळे मिटले होते, त्यामुळे नेमकं काय झालं ते सांगू शकत नाही. आवाज मात्र मी ऐकला. दगडाच्या पाट्यावर नारळ आपटावा तसा. डोळे उघडले तेव्हा बोटीच्या बुडातून पाणी आत येत होतं आणि मेहुणे कॅमेरा डोक्यावर धरून 'आई' म्हणत होते. चालकाने घाबरून बाहेर उडी टाकली, आणि बुडण्याऐवजी उभा राहिला. पाणी त्याच्या गुडघ्याएवढं.

एकेक करून आम्ही सगळे उतरलो. मार्चात पाणी बरंच खाली गेलेलं होतं आणि आम्ही पाचजण भैरोबाच्या देवळाच्या दगडी छपरावर उभे होतो. भोवती चारी बाजूंना अथांग पाणी आणि मधोमध पाच केशरी जाकिटं, गुडघ्यापर्यंत. लांबून बघणाऱ्याला आम्ही पाण्यावर चालत आल्यासारखे दिसत असणार.

तेवढ्यात आबांची नाव पिंपांच्या मधून, वळणावरून, सावकाश आली. शेजारी येऊन थांबली. आबांनी एकेकाला बघितलं.

"मास्तर, तुमी बी?"

मी काखेतले झेंडे सावरले.

"आबा, आधी आम्हाला घ्या," शिट्टीसाहेब म्हणाले. "हा हुकूम आहे."

"साहेब, तुमचा पेपर कवा हाय?"

"काय?"

"हिचा अकराला हाय. तुमाला परतीच्या फेरीला घेतो. बुडत न्हाई तुमी, पक्कं बांधकाम हाय. माज्या पंज्यानं दगड वाहिलेत."

"अहो, एक जागा रिकामी दिसतेय ना ती!"

"ती भैरोबाची," आबा शांतपणे म्हणाले. "आन् तुमी त्येच्याच डोक्यावर हुबं हाय. आदी बूट काढा."

त्या क्षणी जे झालं ते मी शपथेवर सांगायला तयार आहे. एवढा मोठा अधिकारी, पण त्याने माझ्याकडे बघितलं, मी आधीच चपला काढल्या होत्या, आणि तोही वाकून बुटाची लेस सोडायला लागला. मेहुण्यांनी काढले. कार्यकर्त्याने काढले. पाचही जण पाण्यात उभे, हातात पादत्राणं.

"इथं दगड आहे हे सांगितलं का नाहीत तुम्ही?" शिट्टीसाहेबांनी एका पायावर उभं राहून विचारलं.

"रस्ता सांगितला न्हवं," आबा म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "मास्तर, तुमचा झेंडा दावायचा ऱ्हायलाय. पोरीला उशीर हुतोय."

माझ्या काखेत दोन झेंडे होते. लाल काढायचा हुकूम होता. इतक्या वर्षांची नोकरी, पोहता येत नाही, साहेब हातभर अंतरावर. अंकिता माझ्याकडे बघत नव्हती. ती ओठांतल्या ओठांत कसलंसं सूत्र म्हणत होती. मी झेंडा उचलला. तो हिरवा निघाला. आबांनी वल्हं मारलं.

पुढे खुलासा मागवला गेला तेव्हा मी रंगांधळा असल्याचं लेखी दिलं. त्यामुळे मतदानाची ड्युटी सुटली नाही, पण झेंड्यांची कायमची सुटली.

नाव काठाला लागत होती तेवढ्यात खिंडीतून तीन विमानं गर्जत आली आणि आमच्या डोक्यावरून रंगीत धूर सोडत गेली. आम्ही पाचहीजण एकदम खाली बसलो आणि एकदम उठलो. काठावर टाळ्यांचा कडकडाट. निवेदकाला कुणी काही सांगितलेलं नव्हतं, पण तो तयारीचा माणूस. "आणि पाण्यावर उभे राहून विमानांना मानवंदना देणारे हे आपले जलवीर," तो ओरडला. प्रमुख पाहुण्यांनी हात हलवला. शिट्टीसाहेबांनी कडक सलाम ठोकला. सलामाच्या हातात बूट होता. दुसऱ्या दिवशी तो फोटो छापून आला.

आबांनी आम्हाला परतीच्या फेरीला आणलं. पण आधी त्यांनी काठावर उतरून अंकिताला केंद्राच्या फाटकात आत जाताना बघितलं, विडी पेटवली, ती पुरी ओढली आणि मग निघाले. आम्हाला घेऊन येताना चिंचेचा थांबासुद्धा घेतला.

अहवालात 'जलवाहतूक संपूर्णपणे नियंत्रणात होती' असं नमूद झालं. शिट्टीसाहेबांना प्रशस्तिपत्र मिळालं. आबांना नोटीस मिळाली: कोणाच्या परवानगीने नाव चालवली? आबांनी मला उत्तर लिहायला सांगितलं. मी दोन पानांचा मसुदा केला, तो त्यांनी ऐकला आणि बाजूला ठेवला. "लय झालं. लिवा, 'रस्त्यानं गेलतो.' आन् खाली माझी सही." तेवढंच गेलं. शिवाय एक समिती नेमली गेली, धरणातले होड्यांचे मार्ग मोजून कायम करण्यासाठी.

अंकिता पास झाली. सगळ्या विषयांत. मामा स्थळ घेऊन दुसऱ्या गावाला गेला.

दोन पावसाळ्यांमागे आबा गेले. आजार असा काही नव्हता. एका संध्याकाळी नाव बांधली, वल्ही घरात आणून उभी केली आणि मुलाला, नामदेवला, म्हणाले, "वळान सोडू नगं." झोपले ते उठले नाहीत. नामदेवने नावेला इंजिन बसवलंय, पण चिंच आली की तो ते बंद करतो.

आणि या मे महिन्यात ती समिती आली. सात वर्षं लागली तिला यायला. समिती म्हणजे एक जीप, एक खांबावरचं यंत्र, दोन मदतनीस आणि मोजणी खात्यात नुकतीच लागलेली एक भूकरमापक. जीपमधून उतरून ती माझ्या पाया पडली.

"सर, चला ना बरोबर. चिंच दाखवा."

पाणी यंदा इतकं उतरलं होतं की भैरोबाचं देऊळ पायरीपर्यंत उघडं पडलेलं. अंकिता आणि मी नामदेवच्या नावेतून तिथे उतरलो. चपला कुणी सांगायच्या आधीच काढल्या. चिखलात रस्ता दिसत होता, दोन्ही कडांना लावलेल्या दगडांच्या रांगांसकट. मी त्याच्या कडेनं चिंचेच्या मागे गेलो आणि वाडीकडे तोंड करून परत चालत आलो. चिंचेचा काळा बुंधा आला. मी सवयीने डावीकडे वळलो आणि घोट्यापर्यंत गाळात रुतलो. तिथे कुणाचं तरी शेत होतं.

रस्ता वळत नव्हता. तो चिंचेपासून सरळ देवळाच्या अंगाला घासून पुढे वाडीकडे जात होता, सुतळी ताणल्यासारखा. देवळाच्या खालच्या पायरीवर गाडीच्या चाकांनी पडलेली खाच अजून होती. आबांच्या वडलांच्या गाडीची असेल. त्या गाडीत बसून आबा हजारदा इथून सरळ गेले असतील.

मी देवळाच्या छपराकडे बघत राहिलो. कडेला एका दगडावर निळ्या रंगाचा ओरखडा होता, शिट्टीसाहेबांच्या बोटीचा. दुसऱ्या कुठल्याही नावेचा ओरखडा त्या दगडावर नव्हता.

अंकिताने यंत्र तीनदा लावून बघितलं. मग पायरीवर बसून वही उघडली. मोजणीच्या कागदात शेवटी शेऱ्याचा एक रकाना असतो आणि तो भरल्याशिवाय कागद पुढे सरकत नाही. ती पेन चावत माझ्याकडे बघत होती, नावेत बीजगणित अडलं की बघायची तशी. मी यंत्राकडे बघितलं. गणित तिचं होतं.

मग तिने खाली मान घालून लिहिलं आणि वही माझ्यापुढे धरली.

'मोजणीत रस्ता सरळ. वहिवाट वळणाने.'

मी शुद्धलेखन तपासलं. एकही चूक नव्हती.